कठड्यापाशी

गोळी इवलीशी, पिवळी.
रात्री नऊच्या बातम्यांबरोबर घेते.
पाच वर्षं, डॉक्टर म्हणाले,
आणि चष्मा पुसत, "किंवा सात."
सव्वा वर्ष झालंय.

चोराला काही मिळू नये म्हणून
घरातलं तेल थेंबाथेंबाने काढून टाकलं,
हे मला समजतं. पटतंसुद्धा.
पण आता प्रत्येक दार करकरतं त्याचं काय?

सकाळी बोटं उघडत नाहीत.
दुधाच्या पिशवीचा कोपरा दातांनी तोडते.
दांडिया बाजारातल्या या जिन्याच्या सतरा पायऱ्या,
मी उतरताना गुडघे इतके बोलतात
की खालच्या तांबेवहिनी आतूनच विचारतात,
"निघालात का, शालन?"

आणि ती उकळी.
मे महिन्यात बडोद्यात कोण घामाने निथळत नाही?
तेव्हा मी सगळ्यांसारखीच असते.
पण उत्तरायणाला, सकाळी सहाला, गच्चीवर
सगळे स्वेटरांत, "काप्यो छे!" ओरडत,
आणि मी बाह्या वर सारून फिरकी धरलेली,
मानेवरून धार.
जाऊबाईंनी विचारलं, ताप आहे का?
नाही, म्हटलं. ऊन आहे. आतलं.

हेतल सव्वीस वर्षांची. तिच्या खोलीत
रबरी पट्ट्या वाळवणीसारख्या टांगलेल्या.
म्हटलं, दुखतंय गं.
"दुखे छे एटले ज चालवानुं, काकी."
दुखतं म्हणूनच चालायचं.
आमच्याकडे दुखलं की निजायचं असतं,
सुंठ उगाळायची, पडदे ओढायचे.
तिने कागदावर लिहून दिलं:
रोज चाळीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा वजनं.
औषधाच्या चिठ्ठीवर लिहितात तसंच,
खाली सही करून.

वजनं म्हणजे एक लिटरच्या दोन बाटल्या,
नळाच्या पाण्याने भरलेल्या.
बाबा तालमीत जोडी फिरवायचे.
मी दाराबाहेर त्यांच्या चपला राखायची,
लाल मातीचा वास येई तिथपर्यंतच मुलींना परवानगी.
आता स्वयंपाकघरात, कुकरच्या तीन शिट्ट्या होईतो
मीही फिरवते.
डावा हात, ज्या बाजूला टाके आहेत तो, कचरतो.
पॅसेजच्या भिंतीवर नचिकेतच्या उंचीच्या खुणा आहेत.
त्यांच्याशेजारी माझ्या, बोटं भिंतीवर चढवत नेलेल्या.
दिवाळीपर्यंत त्याच्या सातवीला पोचले.
अकरावी अजून लांब आहे.

चालायला कमाटीबाग.
पहिल्या फेरीत सगळं दुखतं,
अर्ध्या वाटेवर दुखणं मागे पडतं,
शेंगदाणेवाल्यापाशी रेंगाळतं,
दुसऱ्या फेरीत पुन्हा गाठतं.
काही दिवशी गाठत नाही.
काही दिवशी पहिल्या पावलालाच हजर,
तेव्हा मी बाकावर बसून दोन शिव्या घालते
आणि उठते.

पुलावर थांबते.
खाली विश्वामित्री, गढूळ, हळू.
काठावर मगर. लाकडाच्या ओंडक्यासारखी.
शाळेची पोरं म्हणतात, मेलीय.
"मेली नाही," मी सांगते, "गार आहे अजून."
पाठीवर ऊन येईतो तिचे सांधे जागे होत नाहीत,
तिलाही कुणी ओढून उठवत नाही.
मला मात्र उठावं लागतं ऊन येण्याआधी,
माझं ऊन वेळापत्रक पाळत नाही.

कठड्यावर हात ठेवून मुठी करते.
मिटायच्या, उघडायच्या. दहा.
लोखंड थंड असतं, बरं वाटतं.
मग अंगठा एकेका बोटाला लावायचा:
तर्जनी, मधलं, अनामिका.
करंगळीपाशी गेले सात महिने
वीतभर पोकळी असल्यासारखं वाटायचं.

आज लागला.
नख नखाला घासलं एवढंच, आवाजसुद्धा नाही.
मी पुन्हा लावून पाहिला. पुन्हा.
उजव्याचा लागतो, डाव्याचा नाही,
डाव्याचा जवळजवळ.

त्या नादात
मगर पाण्यात कधी उतरली
ते पाहायचं राहूनच गेलं.